घाटात ट्रॅव्हलर तापते, म्हणून लगेच हेड खोलायचं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गाडी २०१४ ची १७ सीटर ट्रॅव्हलर, साडेतीन लाख किलोमीटर झालेली. चिपळूणहून कराडकडे येताना सीटा भरलेल्या आणि एसी चालू असला की पोफळी सोडून कुंभार्ली घाट लागला की टेम्परेचरचा काटा लाल पट्टीकडे सरकतो. हायवेला, सपाटीला काही त्रास नाही. एका मिस्त्रीने थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून टाकला, दुसऱ्याने रेडिएटर धुऊन दिला, फरक काही पडला नाही. तिसरा म्हणतोय हेड (इंजिनचा वरचा, सिलिंडर झाकणारा भाग) खोलू, बहुतेक हाफ इंजिनच (पिस्टन-रिंगांचं काम) करावं लागेल. शिवाय घाट उतरताना जळका वास येतो, ब्रेकचं पेडल खाली जातं, आणि ६०-७० च्या वेगाला गाडी थरथरते. लग्नसराई तोंडावर आहे आणि तुम्ही विचारताय, इंजिन करू की गाडी विकून टाकू?

दोन्हीपैकी काहीच आत्ता ठरवू नका. तुमच्या गाडीवरून तीन मिस्त्रींचे हात फिरले, पण मोजमाप एकानेही घेतलेलं दिसत नाही. काढून झालं, धुऊन झालं. पण पाणी खरोखर किती तापतंय, सिस्टीम दाब धरते का, शंभर किलोमीटरला पाणी किती कमी होतं, याबद्दल तुमच्या प्रश्नात एक अक्षर नाही. इंजिन गेलेलं असेलही, मी नाही म्हणत नाही. पण ते नक्की व्हायच्या आत हेड खोललंत, तर पैसे जातील आणि पुढच्या फेरीला काटा पुन्हा तिथेच दिसेल. असं मी माझ्या गॅरेजात बऱ्याचदा पाहिलंय, आणि सुरुवातीच्या काळात एक-दोनदा स्वतःही केलंय.

आणि एक गोष्ट आधीच सांगतो. तुमच्या तीन तक्रारींमध्ये सगळ्यात वाईट तक्रार ब्रेकची आहे. तिच्याबद्दल खाली लिहितो, पण तोवर ही गाडी माणसं भरून घाटात नेऊ नका.

मी गाडी डोळ्यांनी पाहिलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी तुमच्याच उत्तरावर ठरतील. पाणी कमी होतं का, की नुसताच काटा चढतो? काटा हळूहळू, पाच-सात मिनिटांत चढतो की एकदम उडी मारतो? एसी बंद केला की खाली येतो का? आणि चौथा प्रश्न, जो विचारला की ड्रायव्हर मंडळींना राग येतो: घाट कोणत्या गिअरमध्ये चढता?

थोडं गाडीबद्दल बोलतो, कारण दुखण्याचं मूळ तिच्या बांध्यातही आहे. १९८७ साली बजाज टेम्पोने ही गाडी आणली तेव्हा मूळ आराखडा मर्सिडीझच्या टी-१ व्हॅनचा होता. आकुर्डीच्या या कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, तरी लोकांच्या तोंडी अजून ‘टेम्पो ट्रॅव्हलर’च आहे. आखूड नाक, त्यात उभं बसवलेलं इंजिन, मागच्या चाकांना ताकद आणि खाली पाट्यांच्या (लीफ) स्प्रिंगवरची चेसिस, असा तिचा जुना सांगाडा. या सांगाड्याने महाराष्ट्रातली निम्मी वऱ्हाडं वाहिली असतील. पण नाक आखूड असल्यामुळे रेडिएटर, पंखा आणि इंजिन अगदी दाटीत बसतात. वारा आत शिरला तरी बाहेर पडायला वाट अरुंद. नवी असताना सगळं धकून जातं. रेडिएटरची जाळी थोडी बुजली, पंखा थोडा ढिला पडला, रेडिएटरची कॅप थोडी मऊ झाली की तिन्ही ‘थोडं’ मिळून घाटात उघडं पडतं. सपाटीला कळतही नाही.

म्हणूनच मी आधी विचारतो, गाडी तापते केव्हा? उभ्या गाडीत, ट्रॅफिकमध्ये तापत असेल आणि चालू लागली की उतरत असेल, तर संशय पंख्यावर. हायवेला १५-२० मिनिटं सलग पळवल्यावर तापत असेल, तर पाणी पुरेसं फिरत नाही. रेडिएटर आतून बुजलाय किंवा वॉटर पंपात काहीतरी आहे. सकाळी थंड गाडी चालू केल्या केल्या पाच मिनिटांत काटा वर आणि वरचा होज पाईप दगडासारखा टणक, तर कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाबाचा गॅस, पाण्यात मारतंय; दोष हेड गॅसकेटचा (हेडखालच्या पॅकिंगचा) किंवा हेडचाच. आणि तुमच्यासारखं फक्त चढाला, भरलेल्या गाडीत, एसीसकट तापत असेल, तर बहुतेक वेळा इंजिन ठीक असतं. तयार होणारी उष्णता बाहेर टाकायची ताकद तेवढी कमी पडते. डिझेलमधली ढोबळमानाने तिसरा हिस्सा ताकदच चाकापर्यंत पोचते. बाकीची उष्णता होऊन सायलेन्सरमधून आणि पाण्यातून बाहेर पडते. चढाला डिझेल जास्त जळतं, उष्णता जास्त होते, आणि नेमका त्याच वेळी गाडीचा वेग कमी असल्याने समोरून वाराही कमी लागतो. सगळा भार पंख्यावर येतो.

आता गिअरचं. पंखा आणि वॉटर पंप दोन्ही इंजिनच्या फेऱ्यांवर चालतात. बरेच ड्रायव्हर डिझेल वाचवायला वरच्या गिअरमध्ये, इंजिन कण्हत असताना, पाय पूर्ण दाबून चढवतात. त्यात डिझेल भरपूर जातं आणि फेऱ्या कमी, म्हणजे पंखा मंद आणि पाणीही मंद. एका गिऱ्हाइकाची अशीच गाडी होती. सगळं तपासलं, काही सापडेना. शेवटी मी बाजूला बसून घाटात गेलो. ड्रायव्हर तिसऱ्यात रेटत होता. त्याला दुसऱ्यात घ्यायला लावलं, पाय थोडा सोडायला सांगितला. इंजिनचा आवाज वाढला म्हणून तो घाबरला, पण दोन वळणांत काटा अर्ध्यावर. पार्ट एकही बदलला नाही, चहा मात्र मिळाला. तुमच्या बाबतीत हेच असेल असं नाही, पण पुढच्या चढाला हे करून पाहायला पैसे लागत नाहीत.

थर्मोस्टॅट मात्र परत बसवा, आणि तापण्याच्या कामांत आधी तोच बसवा. ‘अडथळा काढला की पाणी मोकळं फिरेल’ हा आपल्याकडचा जुना समज आहे. खरा प्रकार असा आहे: अनेक डिझेल इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो. गरम झाल्यावर रेडिएटरकडची वाट उघडतो, आणि त्याच वेळी रेडिएटर टाळून इंजिनात परत जाणारी बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा. गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला न शिवताच परत इंजिनात घुसतो. म्हणजे सपाटीला गाडी गरजेपेक्षा थंड चालते, डिझेल खाते, ऑइल लवकर खराब होतं, आणि चढाला उलट जास्त तापते. तुमचा त्रास थर्मोस्टॅट काढल्यावर वाढलाय का, हे आठवून पाहा. नवा घेताना चेसिस नंबर सांगूनच घ्या. या गाडीत वर्षागणिक इंजिनं आणि पार्ट बदललेत. नुसतं ‘ट्रॅव्हलरचा द्या’ म्हटलं तर काउंटरवरून काहीही हातात येतं. बसवण्याआधी पातेल्यातल्या पाण्यात टाकून गॅसवर ठेवा. ८० च्या पुढे कुठेतरी तो उघडताना दिसला पाहिजे. नेमका आकडा त्याच्यावर कोरलेला असतो.

दुसरी गोष्ट, रेडिएटरची कॅप. ही वस्तू सगळ्यात स्वस्त, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. कुकरच्या शिट्टीचं काम ती करते. उघड्या भांड्यात पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं, महाबळेश्वरच्या उंचीवर, म्हणजे सुमारे १,३७० मीटरला, ९५ च्या आसपासच. ०.९ बारची कॅप दाब नीट धरत असेल तर तेच पाणी ११८ अंशांच्या जवळ जाईपर्यंत उकळत नाही. कॅपचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग मेली, की हा सगळा फायदा गेला. पाणी लवकर उकळतं, वाफ होऊन बाहेर पडतं, पातळी उतरते, आणि मग खरोखरच हेड तापतं. कॅप बदलताना तिच्यावरचा दाबाचा आकडा जुन्या मूळ कॅपशी जुळवा. जास्त दाबाची बसवली तर जुने होज आणि रेडिएटरचे सांधे फुटतात.

रेडिएटर धुतला म्हणता, पण कसा? पुढून पाइपाने पाणी मारलं असेल तर ते धुणं नव्हे. पुढच्या बाजूला एसीचा कंडेन्सर किंवा टर्बोचा इंटरकूलर असेल, तर त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत माती, किडे, गवत आणि तेलाचा थर बसतो. वरून जाळी स्वच्छ दिसते, मधे गोधडी असते. दोन्ही सुटे करून, इंजिनच्या बाजूने बाहेर, असं कमी दाबाने धुवावं लागतं. जोरदार प्रेशरने मारलं की फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) आडव्या पडतात आणि वाराच बंद. आतून बुजलाय का, हे तापमान मोजायच्या लेझर गनने कळतं: गाडी गरम झाल्यावर रेडिएटरच्या तोंडावर गन फिरवा. एखादा पट्टा बाकीच्यापेक्षा एकदम गार लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. आणि बोअरचं पाणी घालायचं थांबवा. किटलीत जसा पांढरा थर धरतो तसाच तो ब्लॉकच्या आत धरतो. कूलंट घालताना शुद्ध पाण्यातच मिसळा; त्याने उकळबिंदू वाढतोच, शिवाय पंपाचं सील आणि ॲल्युमिनियमचे भाग गंजत नाहीत.

पंखा व्हिस्कस कपलिंगचा (आतल्या तेलाने, तापल्यावर पंख्याला पकडणारा) असेल तर इंजिन बंद आणि गरम असताना हाताने फिरवून पाहा. गरम कपलिंगने अडवलं पाहिजे. पाती भिरभिर फिरली तर आतलं सिलिकॉन तेल गेलंय. पुढच्या बाजूला तेलकट डाग दिसला तरी तेच. पंखा चालू इंजिनला काठीने किंवा गुंडाळलेल्या पेपराने अडवून बघायची जी पद्धत आहे, ती कृपा करून करू नका. त्यात बोटं गेलेली माणसं मला माहीत आहेत. पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं, श्राउड, आहे का तेही बघा. ते तुटलं म्हणून बऱ्याच गॅरेजात काढून फेकतात. मग पंखा रेडिएटरमधून वारा ओढण्याऐवजी इंजिनचाच गरम वारा घुसळत बसतो.

वॉटर पंप, बेल्ट आणि होज याबद्दल फार लिहीत नाही. गळत असेल तर दिसतं. फक्त खालचा होज बघा, तो आतून सोलला की पंप ओढताना चपटा होतो आणि इंजिन बंद केलं की परत फुगतो, त्यामुळे गाडी थांबवून पाहणाऱ्याला तो कायम निरोगीच दिसतो.

काटाही खोटं बोलतो. माझ्याकडे एक गाडी हेड फेस (लेथवर सपाट) करून, गॅसकेट नवं घालून आली होती, काम दुसरीकडे झालेलं. तरी काटा वर. मी दिवे लावले, काटा वर गेला. ब्लोअर लावला, अजून वर. दिवे बंद केले, काटा खाली. पाणी काय दिव्याने तापतं? इंजिन ते चेसिस जाणारी अर्थची पट्टी गंजून तुटायला आली होती. पट्टी बदलली, काम संपलं. त्या माणसाने हेडच्या कामाला मोजलेले पैसे आठवले की मला अजून वाईट वाटतं. तेव्हा एकदा थर्मोस्टॅटच्या घरावर लेझर गन धरून खरं तापमान बघा, मग काट्यावर विश्वास ठेवा.

एवढं सगळं बघून झालं की मगच हेडचा विषय. तेही खोलायच्या आधी तीन तपासण्या आहेत. पहिली, गाडी रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी कॅप काढा, पाणी काठोकाठ भरा आणि सेल्फ मारा. इंजिन थंड असतानाच तोंडाशी सतत बुडबुडे येत राहिले तर गॅस पाण्यात येतोय. दुसरी, त्याच तोंडावर निळ्या द्रावणाची नळी लावून तपासणी करतात. जळलेला गॅस आला की द्रावणाचा रंग बदलतो. तुमच्या भागात ते साहित्य ठेवणारं गॅरेज सापडेल. तिसरी, कूलिंग सिस्टीमला हातपंपाने दाब देऊन तासभर ठेवायचं. दाब उतरला आणि बाहेर थेंबही नाही, तर पाणी आत कुठेतरी जातंय. सोबत ऑइलची दांडी बघा: ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर तपासणीचीही गरज नाही.

यातलं काहीच नसेल तर हेडला हात लावू देऊ नका. आणि गॅसकेटच गेलं असेल, तरी लगेच हाफ इंजिन होत नाही. हाफ इंजिन, म्हणजे लायनर-पिस्टन-रिंगांचं काम, कधी करायचं? ब्रेदरमधून (इंजिनच्या आतला गॅस सोडणाऱ्या नळीतून) धूर जोरात मारत असेल, ऑइल हजार किलोमीटरला भरावं लागत असेल, मागून निळा धूर येत असेल, आणि चार सिलिंडरांच्या कंप्रेशनमध्ये मोठा फरक असेल, तर. त्या मिस्त्रीला कंप्रेशन गेज लावून चारही आकडे कागदावर लिहून द्यायला सांगा. लिहून देत नसेल तर दुसरीकडे जा. हेड खोललंच, तर लेथवाल्याकडे सपाटी मोजल्याशिवाय आणि क्रॅक तपासल्याशिवाय परत बसवू देऊ नका, आणि बोल्ट सांगितलेल्या क्रमाने टॉर्क पान्यानेच आवळले पाहिजेत.

तोवर काटा लाल झालाच तर काय करायचं, तेही सांगतो. एसी बंद, केबिनचा हीटर असेल तर पूर्ण चालू; तो छोटा रेडिएटरच असतो. सुरक्षित जागा बघून थांबा, चाकाला दगड लावा, इंजिन न्यूट्रलला थोड्या वाढीव फेऱ्यांवर चालू ठेवा. बंद केलं की पंप थांबतो आणि हेडमधली उष्णता जागच्या जागी वाढते. मात्र पाणीच वाहून गेलं असेल, वाफेचा फवारा असेल किंवा पाणी असूनही पाच मिनिटांत काटा उतरत नसेल, तर लगेच बंद. कॅपला किमान अर्धा तास हात नाही. तापलेल्या इंजिनावर वरून थंड पाणी ओतणं तर नाहीच; हेड तिथेच तडकतं.

आता ब्रेक. भरलेली गाडी ४ टनांची धरा आणि घाटाची उतरण ६०० मीटर धरा. वरून खाली येताना जी ऊर्जा जिरवावी लागते, तिच्यात साधारण ७५ लिटर साधं पाणी उकळायला लागेल. इंजिनने काही अडवलं नाही, तर ही सगळी उष्णता ड्रम आणि डिस्कमध्ये जाते. जळका वास येतो तो तिथून.

पेडल कसं लागतं यावरून तीन वेगळे आजार कळतात, म्हणून नीट आठवा. पेडल मऊ होऊन खाली जात असेल, पंप मारल्यावर थोडं वर येत असेल, तर बहुतेक ब्रेक ऑइल उकळतंय. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरल्यावर तीच हद्द १४० वर येऊ शकते. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. कोकणातली दमट हवा आणि चार वर्षं न बदललेलं ऑइल, म्हणजे घाटाच्या मध्यावर पाइपात वाफ, आणि वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल खाली. तुमचं वर्णन याच्याशी जुळतं. पेडल टणक, उंचीवर, पण गाडी थांबत नाही, तर ब्रेकचं लायनर जळून चकाकी धरलीय किंवा हबच्या सीलमधून ग्रीस-ऑइल त्याच्यावर आलंय. पेडल लाकडासारखं कडक आणि पायात सगळा जोर घालावा लागतो, तर व्हॅक्यूम पंप, त्याचा होज किंवा बूस्टर (व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा). उतारावर इंजिन बंद करून डिझेल वाचवणारे याच कारणाने मरतात, कारण इंजिन बंद म्हणजे व्हॅक्यूम बंद.

करायचं काय? सगळं ब्रेक ऑइल काढून नवं, सीलबंद डब्यातलं, झाकणावर लिहिलेल्या प्रतीचं. चारही चाकांची एअर नीट काढून. ड्रम उघडून लायनर, सिलिंडर, ॲडजस्टर. पुढच्या कॅलिपरच्या पिना अडकल्या आहेत का बघा. चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवा, फिरताना अडखळत असेल तर तो ब्रेक कायम थोडा लागलेलाच आहे. गंमत बघा, असा अडकलेला ब्रेक चढाला इंजिनवर उगाच भार टाकतो, म्हणजे तुमच्या तापण्यातही त्याचा वाटा असू शकतो. सपाटीला दहा किलोमीटर चालवून चारही हबवर लेझर गन धरा, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम निघालं तर चोर सापडला. ड्रायव्हरसाठी जुना नियम आहे तोच: ज्या गिअरने चढायचं, त्याच गिअरने उतरायचं. ब्रेक सतत दाबून न ठेवता थोडा वेळ घट्ट लावून सोडायचा, म्हणजे मधे त्याला वारा लागतो.

६०-७० ला थरथर. स्टिअरिंग हलत असेल तर पुढची चाकं, बॅलन्सिंग, टायरचा फुगा, स्टिअरिंगचे टाय रॉड एंड, पुढच्या चाकाच्या किंगपिनचा प्ले (ढिलेपणा). सीट आणि फ्लोअर हलत असेल तर प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलकडे जाणारा फिरता दांडा): सेंटर बेअरिंगचं रबर फाटलेलं असतं किंवा क्रॉसमध्ये (शाफ्टच्या सांध्यात) प्ले आलेला असतो. मोकळ्या सपाट रस्त्यावर त्याच वेगाला क्षणभर क्लच दाबा. थरथर तशीच राहिली तर दोष इंजिननंतरचा, म्हणजे शाफ्ट किंवा चाकांचा. एकदम थांबली तर इंजिन माउंटिंग किंवा क्लचकडे बघा. कुणी नुकताच क्लच किंवा गिअरबॉक्स उतरवला होता का? शाफ्ट सोडवताना खूण न करता परत जोडला की दोन टोकांचे क्रॉस एका रांगेत येत नाहीत आणि अशी थरथर सुरू होते. शाफ्टखाली जाताय तसे पाट्यांचे यू-बोल्टही आवळून घ्या आणि पाट्यांचा सेंटर बोल्ट शाबूत आहे ना ते बघा. तो तुटला की मागचा ॲक्सल थोडा तिरका बसतो आणि गाडी रस्त्यावर कुत्र्यासारखी वाकडी चालते.

क्लच घसरतोय का, तेही एकदा बघाच, कारण घसरता क्लच घाटात डिझेल आणि उष्णता दोन्ही वाढवतो. वरच्या गिअरमध्ये, चढाला, पाय दाबला की आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, ही त्याची खूण.

विकायचं म्हणाल तर, ब्रेकचं काम करूनच विका, ते काही झालं तरी टाळू नका. बाकी माझा क्रम असा राहील: आधी ब्रेक. मग थर्मोस्टॅट आणि कॅप, त्याच दिवशी कूलंट. मग रेडिएटर सुटा करून दोन्ही बाजूंनी आणि पंख्याचं कपलिंग. अर्थची पट्टी आणि शाफ्ट रस्त्यात येता-जाता. हे सगळं मिळूनसुद्धा हाफ इंजिनच्या खर्चाच्या पुष्कळ खाली राहील. आणि यातलं काहीही वाया जात नाही, कारण पुढे इंजिन करावंच लागलं, तरी नवं इंजिन बुजलेल्या रेडिएटरवर बसवून चालणार नाही.

काम झालं की आधी रिकामी गाडी घेऊन एक फेरी मारा, मग सीटांवर वाळूची पोती टाकून, माणसं नव्हेत. निघताना आणि पोचल्यावर थंड इंजिनाला पाण्याची पातळी बघून वहीत लिहा. पोफळीपासून माथ्यापर्यंत एसी बंद ठेवून एकदा आणि चालू ठेवून एकदा चढा. गिअर कोणता होता, काटा कुठे होता, गनने किती आकडा दिला, एवढं लिहून कळवा. त्या आकड्यांवरून पुढचं बोलू.